हाकेला ओ



दिवंगत व्यक्तीच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानाचा विषय शक्यतो उदात्त असावा, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. आणि बालकांचा छळ व त्यांची हेळसांड हा विषय तर असा की, तो निघाला म्हणजे श्रोत्यांपैकी निम्मे ‘हे आपल्यातले नव्हे’ अशा मुद्रेने खिडकीबाहेर पाहू लागतात. तथापि ज्या शिक्षिकाबाईंच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण ही व्याख्यानमाला चालवीत आहात, त्यांनी उभा जन्म मुलांत घालवला; तेव्हा संकेतभंगाचा दोष निदान त्यांनी तरी मला दिला नसता, एवढ्या भरवशावर मी बोलणार आहे.

छळाला वळ असतो. वळाचा पंचनामा होतो, वैद्यकीय दाखला मिळतो, आरोपीचे नाव लिहिता येते, ज्या काठीने मारले ती काठी मुद्देमाल म्हणून जप्त करता येते. हेळसांडीला यांपैकी काहीच नसते. ती घडत नाही, काहीतरी करावयाचे राहून जाते. आणि जे राहून गेले त्याचा पंचनामा कोणत्या अंमलदाराने करावा? म्हणूनच कायदा, वर्तमानपत्रे आणि प्रसंगी उफाळून येणारा आपला सात्त्विक संताप या तिघांचीही नजर वळावर खिळून राहते, आणि ज्याला कोणी मारले नाही पण ज्याच्याकडे कोणी पाहिलेही नाही, ते मूल आपल्या दप्तरी कोठेच दाखल होत नाही. बालविकासाच्या शास्त्राने गेल्या पाऊणशे वर्षांत जे दाखवून दिले आहे ते वाचून माझे असे मत बनले आहे की, या मुलाचे नुकसान मार खाणाऱ्या मुलाहून कमी तर नसतेच, पुष्कळदा ते अधिक खोल असते. आणि त्याच्यासाठी आपण आजवर जी तजवीज केली ती बहुतांशी भिंतींची केली, माणसांची केली नाही.

तान्ह्या मुलाचे रडणे ही त्याची फिर्याद असते. भूक लागली, दुपटे ओले झाले, कान दुखतो, किंवा नुसतेच एकटे वाटते, अशी कोणतीही कैफियत मांडण्यास त्याच्यापाशी हा एकच अर्ज असतो. कोणीतरी येते, उचलते, ‘अगो बाई, काय झालं माझ्या सोन्याला’ असे काहीतरी अर्थहीन बडबडते, आणि अर्ज निकालात निघतो. हा व्यवहार दिवसातून कितीतरी वेळा होतो. मुलाने हाक मारावी आणि मोठ्या माणसाने ओ द्यावी, या देवघेवीतून मेंदूतील पेशींचे परस्परांशी धागे जुळत जातात, आणि मुलाला आयुष्यातील पहिले ज्ञान होते, ते हे की आपल्या करण्याने जगात काहीतरी घडते. उलट ज्या कचेरीत अर्जावर कधीच शेरा पडत नाही, तेथे शहाणा अर्जदार काही काळाने अर्ज करणेच सोडून देतो. मूलही तेच करते. ते रडेनासे होते, आणि पाहुणे म्हणतात, किती शांत आहे हो हे!

अंगणवाडीत मुलाचे वजन घेताना आपण पाहिले असेल. आढ्याच्या हुकाला तबकडीचा काटा टांगलेला असतो, त्याखाली कापडी चड्डीवजा झोळी असते, आणि त्या झोळीत पाय लोंबकळत टांगले गेले म्हणजे धडधाकट मूल एवढे किंचाळते की सेविकेला आकडा वाचणे मुश्कील होते. ते आईकडे हात पसरते, उचलून घेतल्यावर मान वळवून काट्याकडे रागाने पाहते, आणि मिनिटाभरात हसू लागते. क्वचित एखादे मूल मात्र टांगले तरी गप्प राहते, उतरवले तरी गप्प राहते, आणि ज्याने उचलले त्याच्या खांद्यावर, तो खांदा कोणाचा आहे याची चौकशी न करता, डोके टेकते. अनुभवी सेविका अशा वेळी वजनाचा आकडा वहीत लिहिते, पण तिची नजर आकड्यावर नसते. ‘हा रडतच नाही बाई,’ एवढेच ती म्हणते. वाढीच्या तक्त्यात या वाक्यासाठी रकाना नाही.

अशी न रडणारी दालनभर मुले जगाने पाहिली ती रुमानियात. 1989 च्या डिसेंबरात चाउशेस्कू या हुकूमशहाची राजवट कोसळली तेव्हा त्या देशातील सरकारी अनाथगृहांत लाखाहून अधिक मुले आढळली. लोकसंख्या वाढावी म्हणून सक्ती करणाऱ्या राज्यकर्त्याने गरीब घरांतून जन्मास आलेली ही जादा मुले सरकारच्या स्वाधीन करून घेतली होती. पुष्कळ ठिकाणी त्यांना अन्न होते, छप्पर होते, पांढऱ्या खाटा होत्या, पाळीने बदलणाऱ्या दायाही होत्या. परंतु एकेका दाईच्या वाट्याला इतकी मुले येत की, दूध पाजणे आणि कपडे बदलणे या पलीकडे कोणा एकासाठी थांबणे तिला शक्यच नव्हते. तेथे गेलेल्या शास्त्रज्ञांच्या मनावर प्रथम ठसली ती शांतता. पुढे नेल्सन, फॉक्स आणि झीना या तिघा अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टच्या सहा संस्थांतील 136 लहान मुले निवडून, निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, परक्याचे मूल सांभाळणाऱ्या पालक-कुटुंबांत ठेवले आणि निम्मी होती तेथेच राहिली. (हा प्रयोग नैतिक होता काय, यावर वाद झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. पालक-कुटुंबे ही सोय त्या शहरात तेव्हा जवळजवळ नव्हतीच, जी झाली ती या प्रयोगामुळे झाली, असे संशोधकांचे उत्तर आहे.) साडेचार वर्षांच्या वयात तपासणी केली तेव्हा आपल्या आईबापांजवळ वाढलेल्या तेथील मुलांचा बुद्ध्यंक सरासरी 109, कुटुंबांत हलवलेल्यांचा 81 आणि संस्थेच्या वाट्याला आलेल्यांचा 73 भरला, आणि दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले त्यांची भरपाई उशिरा घर मिळालेल्यांपेक्षा पुष्कळ चांगली झाली. मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेखही हेच सांगत होते. त्या मुलांना कोणी चाबकाने मारल्यामुळे हे झाले नव्हते. त्यांच्या हाकेला ओ मिळाली नव्हती.

छळ आणि हेळसांड यांचे परिणाम एकच असतात, असे मात्र समजू नये. विस्कॉन्सिन येथे सेथ पोलक या मानसशास्त्रज्ञाने मुलांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून भावना ओळखावयास सांगितल्या, तेव्हा मार खाल्लेली मुले रागाचा चेहरा इतरांपेक्षा लवकर हेरीत, आणि जेथे राग नाही तेथेही त्यांना तो दिसे. उलट हेळसांड झालेल्या मुलांना हा चेहरा दुःखाचा की रागाचा, हेच नीट सांगता येत नसे. पहिल्या मुलाच्या घरी बापाच्या भुवईवर जीव अवलंबून असतो. त्यामुळे भुवई वाचण्यात ते पारंगत होते, आणि पुढे शाळेत मास्तरांनी सहज कपाळाला आठी घातली तरी ते हात उगारल्यासारखे अंग चोरते किंवा शेजाऱ्याला आधीच गुद्दा लगावते. दुसऱ्या मुलापाशी वाचावयास चेहराच आलेला नसतो. पहिल्याला आपण ‘द्वाड’ म्हणतो, दुसऱ्याला ‘ढ’ म्हणतो, आणि दोघांनाही मागच्या बाकावर बसवतो.

शरीरात काय होते ते वैद्यकाच्या विद्यार्थ्याला सांगावे तसे सांगण्याची ही जागा नव्हे. परंतु इतके समजून घेणे इष्ट आहे की, भय ही अवस्था थोड्या वेळासाठी योजलेली आहे. संकट दिसताच कॉर्टिसॉलसारखी द्रव्ये रक्तात उतरतात, हृदय वेगाने चालते, स्नायू ताठ होतात. संकट टळले की सर्व पूर्ववत् होते, आणि जवळ विश्वासाचे मोठे माणूस असेल तर ते लवकर होते. संकट ज्या घरात राहते तेच घर जर मुलाचे असेल, तर ही आणीबाणी उठवली जातच नाही. स्मरण, शिक्षण, आवेग आवरणे ही कामे करणाऱ्या मेंदूच्या भागांवर तिचा भार पडतो. भीती ओळखणारा भाग मात्र सदैव जागता राहतो. पाढे पाठ न होण्याची कारणे शोधताना आपण पाढ्यांचीच उजळणी करीत बसतो. कॅलिफोर्नियात फेलिट्टी आणि अँडा या वैद्यांनी, 1998 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, विम्याचे संरक्षण असलेल्या, बऱ्यापैकी सुस्थितीतील हजारो प्रौढांना बालपणाविषयी विचारले आणि उत्तरे त्यांच्या आजारांशी ताडून पाहिली. छळ, घरातील मारहाण, दारू, मनोविकार अशा आपत्तींपैकी चार किंवा अधिक ज्यांच्या वाट्याला आल्या होत्या, त्यांच्यात व्यसन, विषण्णता आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण एकही आपत्ती न आलेल्यांच्या कित्येक पट होते. हृदयविकारदेखील अधिक होता. ही गोष्ट गरिबीच्या खात्यावर लिहून मोकळे होणाऱ्यांनी ते उत्तरदाते कोण होते, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या देशाकडे वळू. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली तेरा राज्यांत, ज्यांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते, 12,447 मुलांना विचारून एक अहवाल प्रसिद्ध केला. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार खाल्ल्याचे सांगितले. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि बहुतेकांनी ते तोवर कोणालाही सांगितले नव्हते. या अहवालावर गहजब झाला, तो योग्यच झाला. पाच वर्षांनी बालकांच्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा आला आणि अशा गुन्ह्याची माहिती असूनही दडवणे हाच गुन्हा ठरला. परंतु त्या अहवालात हेळसांडीचा प्रश्न मुलींपुरताच विचारला गेला होता, याची चर्चा मी तरी फारशी ऐकली नाही. मुलग्यांची हेळसांड होत नाही, असे आपण धरूनच चालतो.

महाराष्ट्राला या कामी लाज वाटावी असे काही नाही. उलट आपला वारसा जुना आहे. 1863 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, त्याच्या बारा वर्षांनंतर पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशाच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचा बालकाश्रम उभा राहिला. मुंबईत 1857 पासून डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा आहे. 1924 मध्ये मुंबई इलाख्याचा बालक कायदा झाला, 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली, आणि डोंगरीचे बालगृह तर एकेकाळच्या उमरखाडीच्या तुरुंगात नांदू लागले. तुरुंगाच्या इमारतीत मुलांना ठेवावे, हे ज्यांना सुचले त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. जागा मोकळी होती, आणि मुले रस्त्यावर होती. पण त्या एका निर्णयात पुढच्या शतकाचा सगळा कल दिसतो: आधी भिंत, मग कुलूप, मग हजेरीपट, आणि मुलाला रात्री स्वप्न पडून जाग आली तर त्याने कोणाच्या नावाने हाक मारावी, हा प्रश्न कोणत्याही नियमावलीत नाही. येथे फुल्यांकडे पुन्हा पाहावेसे वाटते. त्यांच्या गृहात काशीबाई नावाच्या विधवेला मुलगा झाला, त्याला या दांपत्याने दत्तक घेतले, यशवंत हे नाव दिले, शिकवून डॉक्टर केले. संस्थाचालक म्हणून त्यांची जबाबदारी मूल जगवण्यापाशी संपत होती. ते त्याचे आईबाप झाले.

भिंत म्हणजे सुरक्षितता नव्हे, याचा दाखला आपल्याच मुंबई शहराने फार महाग किमतीत घेतला. कुलाब्याच्या अँकरेज आश्रयगृहांत रस्त्यावरच्या मुलांवर जे अत्याचार झाले, त्या खटल्यात 2006 साली सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, 2008 साली उच्च न्यायालयाने आरोपींना सोडले, आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पुन्हा कायम केली. त्या मुलांना रस्त्यावरून उचलून आश्रय देणारे आणि त्यांना ओरबाडणारे एकच होते. याच शहरात 1996 साली टाटा समाजविज्ञान संस्थेतून संकटातील मुलांसाठी 1098 हा दूरध्वनी सुरू झाला. त्याची मला वाटणारी थोरवी अशी की तो मुलालाच फिरवता येतो. त्या क्रमांकाच्या पलीकडे कोणीतरी बोलते.

आणि तरी उत्तम उदाहरण आपल्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर आहे. 1945 साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले, त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. हरिजनवाड्यातील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर ज्या नावाने पाट्या लागल्या आहेत ती अंगणवाडी अशी जन्मली. 1957 साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेथे वारल्यांची मुले गुरे राखावयास जात म्हणून कुरणातच शाळा भरू लागली. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येते आणि त्याच्यापायी घरी राहते, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्याला ‘विकासवाडी’ म्हटले गेले. कमरेवर भावंड घेतलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला अनुपस्थित म्हणून नोंदवणे किती सोपे होते! या दोघी बायांनी तिच्या कमरेवरचे ओझे पाहिले. अनुताई तेराव्या वर्षीच विधवा झाल्या होत्या, म्हणजे बालपण हिरावले जाणे हा त्यांच्या दृष्टीने अभ्यासाचा विषय नव्हता.

येथे गोराईत हे सांगताना एक सावधगिरी बाळगणे मला अवश्य वाटते. कोळणी आणि भाजीवाल्या बायका येथून पहाटेच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात जातात, त्यांची मुले आजीपाशी, मावशीपाशी, थोरल्या बहिणीपाशी असतात. पाड्यांवरची वारली कुटुंबेही कामाला गेली की पोरे अंगणात मोकळी असतात. शहरातून आलेला एखादा पाहणीदार हे पाहून वहीत ‘दुर्लक्ष’ असा शेरा मारून मोकळा होईल. पण बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांखाली खेळणारे दोन वर्षांचे पोर पडते, भोकाड पसरते, आणि तीन घरांच्या ओट्यांवरून एकदम ‘काय झालं रं?’ असा आवाज येतो. ते पोर कोणाकडे धावते, ते पाहावे. त्याला आपले माणूस ठाऊक आहे, आणि दुपारच्या बोटीने आई येणार हेही ठाऊक आहे. हे दारिद्र्य असेल. ही हेळसांड नव्हे. याउलट खाडीपलीकडच्या एखाद्या बाराव्या मजल्यावर, पगारी बाई आणि मोबाइलचा पडदा यांच्या स्वाधीन केलेल्या मुलाचे वजन तक्त्यात हिरव्या पट्ट्यात असते. गरिबाच्या घरावर हेळसांडीचा आरोप चटकन चिकटतो आणि त्याचे मूल चटकन उचलले जाते, ही कायद्याच्या अंमलबजावणीतील जुनी खोड आहे.

मग करावे काय? जमैकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी 1986-87 मध्ये खुरटलेल्या 129 लहान मुलांवर एक प्रयोग केला. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर एक आरोग्यसेविका जाई आणि टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी घेऊन, मुलाशी कसे खेळावे व बोलावे हे आईला करून दाखवी, काहींना दोन्ही मिळाले. हे दोन वर्षे चालले. आहाराचा लाभ पुढे विरत गेला. खेळाचा टिकला, इतका की वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने अधिक होती. आपली अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 पासून आहे, पण तीन वर्षांखालील मुलाशी तिचा संबंध मुख्यत्वे वजन, लस आणि घरी न्यावयाचे आहाराचे पाकीट यांपुरता राहिला. हा दोष सेविकेचा मानू नये. तिच्याकडून अहवाल भरून घेण्यातच खात्याचा पुष्कळ वेळ जातो. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेच्या साहाय्याने निघालेला ‘आरंभ’ हा उपक्रम तीन वर्षांखालील मुलांशी खेळण्या-बोलण्याकडेच वळलेला आहे, ही गोष्ट शुभ म्हणावी लागेल.

‘पण वाईट बालपणातूनही माणसे मोठी होतात की!’ असे म्हणणारा एक गृहस्थ प्रत्येक सभेत असतो, आणि त्याचे म्हणणे खोटे नसते. हवाई बेटांतील काउआई येथे 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा माग एमी वर्नर यांनी कित्येक दशके काढला. मोठ्या संकटांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ, मायाळू प्रौढ झाली, आणि तारुण्यात बिघडलेल्यांपैकीही पुष्कळजण तिशी-चाळिशीत सावरले. त्या सभेतल्या गृहस्थाला एवढेच विचारावे की, या एक तृतीयांशांच्या आयुष्यात काय होते ते वाचले आहे काय? त्यांच्यापैकी बहुतेकांना कोणीतरी एक टिकून राहिलेले माणूस लाभले होते, आजी, मावशी, शिक्षिका, शेजारीण. सावरलेल्यांच्या कथा आपल्याला आवडतात, कारण त्या ऐकून खर्चाचा प्रश्न निघत नाही.

खर्चाचा प्रश्न काढतोच. अनाथ किंवा संकटात सापडलेल्या मुलाला संस्थेत न पाठवता नातलगाच्या घरीच सांभाळता यावे म्हणून महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. त्यात पूर्वी दरमहा 425 रुपये मिळत, मग 1,100, आणि आता 2,250 मिळतात. कोकणातली असो की कोळीवाड्यातली, नातवंडाला पदराखाली घेणारी आजी या रकमेची खरी धनीण. पण तिला त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचा बोनाफाइड, बँकेचे पुस्तक आणि बालकल्याण समितीचा हुकूम एवढे जमवावे लागते, आणि दर कागदामागे बोट, रिक्षा आणि एक दिवसाची मजुरी खर्ची पडते. आपल्या मंडळाच्या कार्यवाहांना माझी सूचना आहे की, पुढील वर्षीच्या व्याख्यात्याचे मानधन आणि शाल-श्रीफळ यांना फाटा द्यावा, आणि त्या पैशांतून आठवड्यातील एक दुपार या सभागृहात एक टेबल मांडून, हे अर्ज भरून देणारा आणि तालुक्याच्या व जिल्ह्याच्या कचेरीत त्यांच्यामागे फिरणारा एक माणूस बसवावा. टेबल येथे आहेच. खुर्च्याही, मी पाहतो आहे, पुरेशा आहेत.